मोटारीच्या अलॉय चाकांचे घरगुती रंगकाम

मुरारच्या बारादरी चौकात सायंकाळी घटकाभर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मोटार चार-पाच वर्षांची असली तरी तिचे अंग बहुधा चकचकीत असते, कारण मालक रोज सकाळी फडका घेऊन ते पुसतो. चाके मात्र अकाली म्हातारी झालेली दिसतात. कडेला पदपथाशी घासल्याचे ओरखडे, आऱ्यांवर तपकिरी ठिपके, आणि कोठे कोठे वरचा पारदर्शक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटलेला, अशी त्यांची अवस्था असते.

यातील पुष्कळशा मोटारी ग्वाल्हेरच्या मेळ्यातून आलेल्या असतात. माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केलेला हा मेळा आजही हिवाळ्यात भरतो. मेळ्यात घेतलेल्या वाहनांवरील रस्ता-करात राज्य सरकारने काही वर्षी निम्मी सूट दिल्यामुळे कित्येक कुटुंबे मोटारीची खरेदी मेळ्यापर्यंत लांबवतात. इतका हिशेब करून घेतलेल्या वस्तूची चाके विद्रूप झाली, की नवा संच घेण्याची कल्पना कोणत्याही संसारी माणसाला रुचत नाही. मग सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून आपणच ती रंगवावीत, असा विचार मनात येतो. विचार वाईट नाही. थोडी चिकाटी असलेल्या माणसाला हे काम खरोखर साधते. मात्र चाक म्हणजे फुलझाडाची कुंडी नव्हे. घरातील चार-पाच जीव त्याच्या भरवशावर आग्र्याच्या किंवा झाशीच्या रस्त्याने वेगात जात असतात. म्हणून या कामात घरी काय करावे, याच्याआधी घरी काय करू नये हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बाजारात ज्याला ‘अलॉय व्हील’ म्हणतात, ते चाक बहुतेक ॲल्युमिनियमचे असते. ॲल्युमिनियम हा धातू आता इतका घरगुती झाला आहे, की त्याचे पूर्वीचे दुर्मीळपण कोणाला आठवत नाही. विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढण्याची रीत अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी एकमेकांच्या नकळत शोधून काढली, ती १८८६ साली. योगायोग असा, की याच १८८६ साली इंग्रजांनी झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी जयाजीराव शिंद्यांना परत केली. पुढे थोड्याच वर्षांत हा धातू स्वयंपाकघरात शिरला आणि मराठी घरांतून ‘जर्मनची भांडी’ या नावाने रूढ झाला. मोटारीच्या चाकापर्यंत तो पोहोचला तो शर्यतींच्या मार्गाने. १९२४ साली बुगाटी कंपनीने आपल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके बसवली होती.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असते. चाकासाठी त्यात शेकडा सुमारे सात भाग सिलिकॉन आणि अगदी थोडे, शेकडा एकाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, मॅग्नेशियम मिसळतात. सिलिकॉनमुळे रस साच्यात नीट वाहतो आणि मॅग्नेशियममुळे धातूला बळ येते. पण हे बळ नुसत्या मिश्रणाने येत नाही. लोहार जसा कोयत्याला किंवा विळ्याला पाणी देतो, तसेच या चाकालाही एक प्रकारचे पाणी द्यावे लागते. ते सुमारे ५४० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात, झटकन विझवतात आणि मग दीडशे-एकशे साठ अंशांच्या मंद उष्णतेत काही तास ठेवतात. त्या मंद उष्णतेत धातूच्या आत डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण तयार होतात, आणि त्यांच्यामुळे चाक कणखर होते. हे ध्यानात ठेवले, म्हणजे चाकावरचा जुना रंग काढण्यासाठी गॅसच्या ज्योतीचा उपयोग का करू नये, हे निराळे सांगावे लागत नाही. ज्योत लागली, की तेवढ्या भागाचे पाणी उतरते. वरून चाक पूर्वीसारखेच दिसते. पण त्याची ताकद गेलेली असते आणि ती गेल्याचे कळण्यास घरी कोणतेही साधन नसते. तडा गेलेले चाक डाग देऊन जोडून देणारे कारागीर शहरोशहरी आहेत. तेथेही हीच अडचण उद्भवते. दिसणारा तडा भरून निघतो, पण त्याच्या शेजारची धातू दुबळी होते.

तेव्हा रंगाचा डबा विकत आणण्यापूर्वी चाक काढून, ते उलटे करून, त्याची आतली बाजू नीट पाहावी. खड्ड्यात आदळल्याचा मार बाहेरच्या कडेपेक्षा आतल्या कडेला अधिक बसतो. कारण बाहेरच्या कडेला आऱ्यांचा आधार असतो आणि आतल्या कडेला तो नसतो. बारीक तडे बहुधा तेथूनच सुरू होतात. आतली बाजू ब्रेकच्या काळ्या धुळीने माखलेली असल्यामुळे ते लपून राहतात. ती धुऊन, उजेडात, बोट फिरवून पाहावी. हवा वरचेवर कमी होत असेल, तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. तडा, वाकलेली कड किंवा धातूचा मोठा टवका निघालेला आढळला, तर रंगकामाचा विचार तेथेच सोडून द्यावा. अशा चाकावर नवा रंग चढवणे म्हणजे दोष झाकणे होय, आणि झाकलेला दोष पुढच्या खरेदीदारालाही दिसत नाही. ज्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर कातून आरशासारखा ठेवलेला असतो, त्यांचे ते कातकामही घरी पुन्हा साधत नाही. अशी चाके घरी रंगवली तर ती एकरंगी होतील, हे आधीच मान्य करावे.

राहिली ती केवळ रूपाने बिघडलेली चाके. ती का बिघडतात? ॲल्युमिनियमला हवा लागली, की क्षणार्धात त्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म पापुद्रा चढतो. तो घट्ट असतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो. म्हणूनच जर्मनचे पातेले वर्षानुवर्षे टिकते. परंतु त्याच पातेल्यात सोडा घालून पाणी उकळले, की ते काळे पडते, हा अनुभव प्रत्येक गृहिणीला असतो. क्षारांपुढे आणि तीव्र आम्लांपुढे त्या पापुद्र्याचे काही चालत नाही. चाकावर कारखान्यात दिलेले रंगाचे थर असतात. पण खडीचा एक बारीक खडा लागून त्यांना टिकलीएवढे भोक पडले, की तेथून ओलावा आत शिरतो आणि पारदर्शक थराखाली गांडुळासारख्या वाकड्यातिकड्या पांढऱ्या रेषा पसरू लागतात. दुसरा शत्रू ब्रेकची धूळ. तिच्यात लोखंडाचे तापलेले कण असतात. ते थरात रुतून बसतात व गंजतात, आणि तेच ते तपकिरी ठिपके.

ग्वाल्हेर-मुरारकडचा खास शत्रू म्हणजे येथील धूळ. वाळूच्या खडकाच्या टेकड्यांचा हा प्रदेश. त्या धुळीत गारगोटीचे कण असतात. काठिण्याच्या मापनात गारगोटी सातव्या पायरीवर, तर ॲल्युमिनियम तिसरीच्याही खाली. कोरड्या फडक्याने चाक पुसणारा मालक स्वतःच्या हाताने त्यावर बारीक चरे ओढत असतो. आणखी एक संकट मनुष्यनिर्मित आहे. काही धुलाई केंद्रांवर चाके झटपट उजळण्यासाठी तेजाब मिसळलेले पाणी वापरतात. दोन-चार वेळा चाके सुंदर निघतात, पुढे थर निस्तेज होऊन सुटू लागतो. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले द्रव तर घरात आणूच नयेत. ते कातडीतून खोल जाते, वेदना कधी कधी पुष्कळ उशिरा सुरू होतात आणि तोवर इजा हाडापर्यंत पोहोचलेली असू शकते. जुना रंग काढण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरण्याचा सल्लाही कोणी देतो. तो ॲल्युमिनियमच खाऊन टाकतो, आणि त्या वेळी निघणारा हायड्रोजन पेट घेणारा वायू असतो.

आता मुहूर्ताविषयी. येथे मुहूर्त म्हणजे पंचांगातला नव्हे, हवेचा. मे-जूनमध्ये ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि दुपारी आंधी उठते. अशा हवेत फवारलेला रंग चाकापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो, शिवाय त्यावर धूळ बसते ती निराळीच. श्रावण-भाद्रपदातील दमट हवेत दुसरा प्रकार घडतो. रंगातील थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाष्प जमते आणि रंगावर दुधाळ छटा येते. पौषातल्या धुक्यात रंग वाळतच नाही, त्याचे ओघळ येतात. राहता राहिले दोन काळ. एक दसऱ्यापासून थंडीचा कडाका सुरू होईपर्यंतचा आणि दुसरा महाशिवरात्रीच्या आगेमागे, उन्हे तापण्यापूर्वीचा. त्यातही सकाळी दहाच्या सुमारास, वारा नसताना, अंगणात सावलीच्या जागी काम करावे. होळी तोंडावर आली असेल, तर ती होऊन जाऊ द्यावी. ओल्या रंगावर दुसऱ्याचा रंग पडण्यात काही मौज नाही.

चारही चाके एकदम काढण्याचा मोह आवरावा. एका वेळी एक चाक घ्यावे आणि त्याच्या जागी ‘स्टेपनी’ लावावी. या शब्दाचे मूळ मोठे गमतीचे आहे. वेल्समधील लनेली गावी १९०४ च्या सुमारास डेव्हिस बंधूंनी जादा चाक बनवण्याचा धंदा काढला. त्यांचे दुकान ज्या रस्त्यावर होते त्याचे नाव स्टेपनी. इंग्लंडात तो शब्द आता कोणी उच्चारीत नाही, आपल्याकडे मात्र तो प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे. अनेक गाड्यांतील स्टेपनी मूळ चाकापेक्षा लहान आणि लोखंडी असते. ती लावून गाडी हळूच चालवावयाची असते, किंबहुना काम होईपर्यंत गाडी उभीच ठेवलेली बरी. नव्या काही गाड्यांत स्टेपनी मुळीच नसते. तेथे गाडी टेकवण्यासाठी लोखंडी घोडी लागेल. नुसत्या जॅकवर तोललेली गाडी दोन दिवस अंगणात ठेवणे, आणि तेही मुले खेळतात अशा घरात, हे धाडस कोणी करू नये. जॅक लावण्यापूर्वी जमीन सपाट व टणक असावी, हातब्रेक ओढलेला असावा, दुसऱ्या बाजूच्या चाकाला विटेची किंवा लाकडाची उटी असावी, आणि नट अर्धी फेरी सैल करावेत ते चाक जमिनीवर असतानाच.

काढलेले चाक प्रथम साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावे. डांबराचे डाग रॉकेलने निघतात, पण रॉकेल मागे तेलकटपणा ठेवते. म्हणून त्यानंतर पुन्हा साबण आणि शेवटी थिनरमध्ये बुडवलेला स्वच्छ फडका. जेथे तेलाचा अंश राहील, तेथे रंग माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. टायर काढून घेतला तर काम सोपे होते. तो काढायचा नसेल, तर हवा सोडून टायर कडेपासून किंचित मागे दाबावा आणि त्या फटीत खेळायचे पत्ते एकावर एक चढवून उभे खोवीत जावे. पंधरा इंची चाकाच्या कडेला एक जोड पुरतो. पत्त्यांच्या मागे टायरवर जुनी वर्तमानपत्रे गुंडाळावीत. हवा भरण्याची नळीही चिकटपट्टीने झाकावी.

घासकाम हा या उद्योगाचा खरा गाभा आहे आणि नवशिका नेमका तेथेच कंटाळतो. पॉलिशपेपर नेहमी पाण्यात भिजवून वापरावा. त्यामुळे कागद भरत नाही, आणि ॲल्युमिनियमची कोरडी भुकटी नाकातोंडात जात नाही. ही भुकटी बारीक असेल तर पेटही घेऊ शकते. ओरखड्याच्या उठलेल्या कडा प्रथम बारीक कानशीने बसवाव्यात, मग १२० नंबरचा कागद, त्यानंतर २४०, ४०० आणि शेवटी ६००, असे चढत जावे. नंबर जितका मोठा तितके कण बारीक. जुना रंग सगळा काढण्याचे कारण नाही. जो घट्ट बसला आहे तो राहू द्यावा. फक्त जेथे रंग संपून धातू सुरू होते, तेथील पायरी मोडली पाहिजे. डोळ्यांवर विसंबू नये. डोळे मिटून बोट फिरवावे. बोटाला जी पायरी लागते, ती रंगाखालीही दिसते, आणि चकाकीमुळे अधिकच दिसते.

खोल ओरखड्यांत दोन भागांची, कठीण होणारी पुट्टी भरावी, पण ती पातळ. चार-दोन मिलिमीटरचे खड्डे पुट्टीने बुजवून कड नव्याने घडवू पाहणे व्यर्थ आहे. पहिल्याच धक्क्याला ती निखळते. टायर ज्या कडेवर हवाबंद बसतो, तेथे पुट्टी अजिबात नको. भिंतीला लांबी भरणारा रंगारीदेखील पहिला थर वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात घालीत नाही, येथेही तेच.

घासलेल्या उघड्या धातूवर सरळ रंग मारला, तर तो काही महिन्यांत सुटतो. याचे कारण तोच ऑक्साइडचा पापुद्रा, जो घासल्यानंतर पुन्हा चढतच असतो. कल्हईवाल्याची आठवण ज्यांना आहे, त्यांना हे चटकन उमगेल. तो भांडे तापवून त्यावर नवसागर फिरवीत असे, धूर निघे, आणि मगच कथील धरत असे. नवसागर वरचा मळ खाऊन धातूचे शुद्ध अंग उघडे करी. चाकाच्या बाबतीत हे काम ‘एच प्रायमर’ नावाचा अस्तररंग करतो. त्यात सौम्य आम्ल असते. ते धातूला किंचित कोरते आणि रंगाला धरण्यास जागा देते. घासून, पुसून, वाळवल्यावर त्याच दिवशी हा प्रायमर लावावा. दोन पातळ थर पुरेत. त्यावर पुट्टीचे दोष उघडे पडले, तर ६०० नंबरच्या कागदाने पुन्हा हलका हात फिरवावा. पण धातू पुन्हा उघडी पडली, तर तेथे पुन्हा प्रायमर आलाच.

रंगाचा फवारा डबा आतली गोळी खळखळू लागल्यानंतरही दोन मिनिटे हलवावा. चाकापासून तो एक वीत अंतरावर धरावा. फवारा चाकाच्या बाहेर सुरू करावा, चाकावरून सरळ न्यावा आणि पलीकडे बाहेरच थांबवावा. मध्येच हात थांबला, की तेथे ओघळ आलाच. पहिला थर इतका विरळ असावा, की खालचा प्रायमर दिसत राहावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. आऱ्यांच्या बगला आधी रंगवाव्यात, दर्शनी भाग नंतर. रुपेरी रंगावर शेवटी पारदर्शक लॅकरचे दोन-तीन थर द्यावेत. रुपेरी रंगाच्या अंगी स्वतःची टिकण्याची शक्ती बेताचीच असते. ऊन, पाणी आणि धूळ सोसतो तो लॅकरच.

या लॅकरविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. बाजारात दोन जातींचे लॅकर मिळतात. एक हवेत आपोआप वाळणारे. दुसरे हार्डनर मिसळून घट्ट होणारे. ते अधिक टिकाऊ असते, आणि व्यवसायातले रंगारी तेच वापरतात. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना विटले, की पुढे अत्यल्प मात्रेनेही झटका येतो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मुखपट्टी त्यापासून काडीमात्र बचाव करीत नाही. घरच्या अंगणात, जेथे शेजारची खिडकी चार हातांवर आहे, तेथे पहिल्या जातीचेच लॅकर वापरावे; ते वर्षभर कमी टिकले तरी चालेल. त्यासाठीही मोकळी हवा, हातमोजे आणि वाफा शोषणाऱ्या डबीचा मुखवटा हवाच. फवारा डब्यातील वायू ज्वालाग्राही असतो. स्वयंपाकघराच्या दाराशी, चालू कूलरच्या समोर किंवा विडी ओढीत हे काम करणारे लोक आढळतात, त्यांना आवरावे.

ज्या जागांना रंग लागता कामा नये, त्यांचा विचार आरंभीच करावा लागतो. चाकाचा जो सपाट भाग मागून गाडीच्या तुंब्याला टेकतो तो, आणि ज्या खोबणीत नट बसतात त्या खोबण्या, या दोन्ही जागा चिकटपट्टीने झाकून कोऱ्या ठेवाव्यात. नट घट्ट आवळला, की तो रंगाच्या जाड थरावर दाबून बसतो. पुढे गाडी धावू लागली, की तो थर चेपतो, निघून जातो, आणि मालकाने जोर लावून आवळलेला नट कोणीही हात न लावता सैल पडतो. घरी रंगवलेल्या चाकांत याहून मोठा धोका नाही, आणि तो टाळण्यास चार बोटे चिकटपट्टी पुरते.

लॅकर तासाभरात हाताला कोरडा लागतो. पण तो आतून पक्का होण्यास आठवडा जातो. निदान चोवीस तास गेल्याशिवाय चाक गाडीला लावू नये, आणि टायर काढला असेल तर बसवणाऱ्याने त्याच्या लोखंडी जबड्यांना रबरी आवरण घातले आहे ना, हे उभे राहून पाहावे. चिकटवलेली तोलाची वजने काढावी लागली असतील, तर चाकाचा तोल पुन्हा करून घ्यावा. ही वजने पूर्वी शिशाची असत, आजही कित्येक असतात, म्हणून ती हाताळल्यावर हात धुवावेत. नट आवळताना ओळीने न जाता समोरासमोरचे घ्यावेत, प्रथम सर्व हलके, मग गाडी जमिनीवर टेकवून गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने पक्के. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर, म्हणजे मुरारहून भिंडला एक फेरी झाली, की पाना घेऊन ते पुन्हा एकदा तपासावेत.

पहिले धुणे आठवड्याने, साध्या शांपूच्या पाण्याने आणि मऊ कापडाने. उरलेला रंग पुढच्या ओरखड्यासाठी जपून ठेवावा, मात्र मोटारीच्या डिकीत नव्हे. डब्यावर पन्नास अंशांपुढे तापू न देण्याची सूचना छापलेली असते, आणि जूनच्या दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत हा आकडा ओलांडण्यास फार वेळ लागत नाही.